आबांचे कान आणि आमचे ओठ

मंडळी, आज आबांना, माझ्या वडिलांना, सुरतेत कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांचं आयुष्य कडोदऱ्याच्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर गेलं. तिथल्या खडखडाटात सगळे ओठ बघूनच बोलणं ओळखतात.

"माले समदं ऐकू येस," आबा ठणकावून म्हणाले.

डॉक्टरबाईंनी कागदाने तोंड झाकून त्यांचं नाव विचारलं. आबा नुसते बघत राहिले; घरीही ते आमचे ओठच वाचत होते.

तपासणीनंतर बाई म्हणाल्या, लूमच्या आवाजाने गेलेलं ऐकणं परत येणार नाही, पण कानाच्या मशीनने बराच फरक पडेल. आबा नको म्हणतायत. मी त्यांना ती लावायला लावणारच! आणि लूमवर जाणारा माझा भाऊ उद्यापासून कानात इअरप्लग घालूनच जाईल.

घरातल्या लूमवाल्याला आज मागून हाक मारा. वळला नाही तर, आम्ही इतकी वर्षं आबांवर चिडलो तसं चिडू नका, तपासायला न्या.