नकोताईचं मागणं

तिचं खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं आणि तिथंच राहिलं. बाकी अख्खं हॉस्पिटल तिला नकोताई म्हणायचं.

तळमजल्याच्या टोकाला, लाँड्रीला लागून, कपड्यांची खोली होती. तीन शिलाई मशिनं आणि छतापर्यंत चादरी. वॉर्डांतल्या चादरी धुऊन आल्या की तिथं उलगडून बघायच्या, फाटलेल्या शिवायच्या, कोपऱ्यात वॉर्डाचा शिक्का मारून परत पाठवायच्या. चादर विरते ती नेहमी मधोमध, जिथं माणूस पडून असतो तिथं. मग ती उभी कापायची, कडेच्या धड बाजू मध्ये आणून जोडायच्या, विरलेल्या बाजू कडेला नेऊन दुमडायच्या. चादर आणखी दोन वर्षं निघते. त्यानंतर तिच्या उशीच्या खोळी, आणि खोळींची फडकी. नकोताई हे काम एकवीस वर्षं करत होती, आणि तिची शिवण कधी कुणाच्या पाठीला टोचली नाही. अर्थात हे कोणाला कळणार? टोचली असती तर लगेच बोंब झाली असती.

अकरा वाजता कॅन्टीनचे काका किटली घेऊन यायचे. ताई, चहा? नको. खिडकीजवळचं मशीन रिकामं झालं, सुपरवायझरबाईंनी तिला आधी विचारलं. नको. ते दोन वर्षांपूर्वी लागलेल्या बाईला मिळालं आणि नकोताई ट्यूबलाइटखाली डोळे फोडत राहिली. मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, तिथं सुपरवायझरबाई कोण लागून गेल्या? हळूहळू लोकांनी विचारणंच सोडलं. काका कप मोजून आणायचे, त्यात तिचा कप नसायचा. कुणी म्हणे विरक्त आहे, कुणी म्हणे घुमी आहे, कुणी म्हणे माज आहे.

माज कसला डोंबलाचा! बाईला मागायची भीती वाटत होती. आणि त्या भीतीचं कारण तिच्या घरी आईच्या खुर्चीवर अंगाचं वेटोळं करून झोपलेलं असायचं.

बारा वर्षांपूर्वी मळक्या चादरींच्या गाठोड्यात तिला एक मांजरी सापडली होती. राखाडी, पट्ट्यापट्ट्यांची, एक कान फाटलेला. लाँड्रीवाला तिला बाहेर हाकलत होता, म्हणून नकोताईने ती पिशवीत घालून घरी आणली. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर एक खोली, एक ओटा, दोन खुर्च्या. आई जाऊन चार वर्षं झाली होती, पण दुसरी खुर्ची तिने हलवली नव्हती. तिने आपल्या ताटातला अर्धा मासा मांजरीला दिला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मांजरी बशीवरून मान वर करून म्हणाली, "दूध थंड आहे."

नकोताईने आधी गॅस बंद केला आणि मग घाबरली.

मांजरीने सगळं नीट समजावून सांगितलं. ती देवता होती, पण फार मोठी नव्हे, एका झऱ्यापुरती. हे शहर वसायच्या कितीतरी आधी तो झरा होता. लोक पाण्याला येत, येता येता काहीबाही मागत, ती देत असे. मग विहिरी झाल्या, नळ झाले, झऱ्यावर भराव पडला, त्यावर बसस्टँड झालं. सगळे देव केव्हाच आपापल्या ठिकाणी निघून गेले, ही तेवढी अडकली, कारण तिच्याकडचा एक वर द्यायचा राहिला होता. तो दिल्याशिवाय सुटका नाही. तोवर एका मांजरीतून दुसऱ्या मांजरीत. जो आपल्या ताटातलं देईल त्याला तो वर द्यायचा. त्याने तोंडाने म्हणायचं, मला अमुक हवं. स्वतःपुरतंच मागायचं. दुसऱ्याचं भलं कर, दुसऱ्याचं वाटोळं कर, दोन्ही चालत नाही. आणि वर दिला की ती गेलीच. "तू राहा" एवढं सोडून काहीही मागता येईल.

"तर माग," मांजरी म्हणाली.

नकोताईने तोंड उघडलंही होतं. दुखरे गुडघे बरे कर म्हणावं की खिडकीचं घर दे म्हणावं, एवढाच प्रश्न होता. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं की चार वर्षांत या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी बोलत होतं. तिने तोंड मिटलं. म्हणाली, "आत्ता काही नको." उद्याही तेच म्हणाली आणि परवाही. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. इथं देव दोन्ही डोळे घेऊन दारात बसलेला, आणि आंधळी म्हणते, राहू दे, बस तू!

सुरुवातीला ती मांजरीला अहो म्हणायची. मांजरी वैतागली. देवाला कुणी अहोजाहो करतं का, म्हणाली, तू म्हण. मग दोघींचं छान जमलं. नकोताई कामावरून आली, चपला काढल्या, की मांजरी डोळे न उघडताच विचारायची, "जेवलीस का?" ही म्हणायची, आत्ता तर आले, कुठून जेवणार? मग स्वयंपाक होईस्तोवर मांजरी जुन्या गोष्टी काढायची. एका माणसाने म्हणे पाच मैल चालत येऊन एवढंच मागितलं होतं, की शेजाऱ्याच्या दारातलं झाड माझ्या दारातल्या झाडापेक्षा बुटकं राहू दे. नकोताई हसून हसून बेजार व्हायची.

पण एक धसका मनात बसला तो बसलाच. बोलता बोलता तोंडून 'हवं' निघून गेलं तर? घरी ती जपून बोलायची. मग बाहेरही तशीच सवय लागली. दुकानात गेली की "साबण द्या" म्हणायच्याऐवजी "साबण आहे का" म्हणायची, आणि दुकानदार आपण होऊन पुढे करेपर्यंत थांबायची. धाकटी बहीण दूर दुसऱ्या शहरात होती, दर महिन्याला फोन करायची. ताई, तुला काय पाठवू? तू इकडे राहायला येतेस का? तुला काय हवं ते सांग तरी. मांजरी खुर्चीवर बसून ऐकत असायची, आणि नकोताई म्हणायची, नको गं, काही नको. एकदा बहीण रडली. म्हणाली, तुला आमची गरजच नाही, ताई. त्यानंतर तिचे फोन वर्षाला एकदोनच यायला लागले. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. या घरात डोळे मिटून घेतले होते ते बाईने, मांजरीने नव्हे. एका बोलक्या मांजरीपायी बाईने बाकी सगळं गमावलं, आणि ते तिला कळतही होतं, पण सांगणार कुणाला?

या वर्षी मांजरी खायची बंद झाली. जनावरांच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, मूत्रपिंडं गेलीत म्हणाले, फार तर आठवडा. नकोताईने घरी आणून तिला खुर्चीवर ठेवलं. अंगाखाली जुन्या चादरीचं फडकं, अगदी मऊ झालेलं. दोन दिवस मांजरी काही बोललीच नाही. नकोताई कामावरून आली, चपला काढल्या, उभी राहिली, तरी कुणी काही विचारलं नाही. तेव्हा मात्र ती खरी घाबरली.

रविवारी दुपारी मांजरीने डोळे उघडले.

"हे शरीर आधी गेलं," ती हळूच म्हणाली, "तर मी पुन्हा कुठल्यातरी गटारापाशी डोळे मिटलेली जन्माला येईन. पुन्हा कुणीतरी ताटातलं द्यायची वाट बघायची. दमले गं बाई मी."

बारा वर्षं आपण सोबत सांभाळली असं नकोताईला वाटत होतं. सांभाळली कसली, कोंडून घातली होती. "मग बोलली का नाहीस?" तिने विचारलं. "नुसतं म्हणायचं होतंस, सोड मला."

"तू रोज नको म्हणायचीस," मांजरी म्हणाली, "त्यात किती हवं होतं, ते ऐकू येत होतं मला. म्हटलं, थांबू अजून थोडे दिवस."

आता मागायलाच हवं होतं. नकोताई जमिनीवर बसली. गुडघे दुखत होते, ते मागता आले असते. पैसा मागता आला असता. पण बारा वर्षं बाईने काही मागितलेलंच नाही. ती सवयच मोडली होती. डोक्यात काही येईना. मांजरीचा श्वास अडकत होता, पोट वरखाली होत होतं. ओट्यावर सकाळचं पातेलं झाकलेलं तसंच होतं. त्याच्याकडे तिची नजर गेली.

"मला हवंय," ती म्हणाली, आणि तो शब्द तिच्याच कानांना परका वाटला. "मला हवंय, की तू मला विचारावंस."

काय, ते मांजरीने विचारलं नाही. तिने मान उचलली. दोन दिवस जे जमलं नव्हतं ते आता सहज जमलं. आवाज अगदी पूर्वीसारखा, खणखणीत, जरासा वैतागलेला.

"जेवलीस का?"

"जेवले," नकोताई म्हणाली.

साफ खोटं होतं. सकाळपासून तिने घास खाल्ला नव्हता. पण जाणाऱ्याला दुसरं काय सांगतात? मांजरीचा फाटका कान एकदा हलला आणि मान फडक्यावर टेकली. राहिलं ते नुसतं मांजर, हलकं, पट्ट्यापट्ट्यांचं. नकोताई त्याच्याजवळ ऊन जाईपर्यंत बसून होती. आता कितीही वेळा काहीही म्हटलं तरी चालणार होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं.

सोमवारी ती कामावर गेली. वॉर्ड नंबर सहाच्या चादरी आल्या होत्या, सगळ्या मधोमध गेलेल्या. तिने पहिली उलगडली, कापली, कडा जोडायला घेतल्या. अकरा वाजता काका किटली घेऊन आले. खिडकीपाशी एक कप, सुपरवायझरबाईंना एक. नकोताईच्या मशीनवरून ते नेहमीसारखे पुढे निघाले.

"काका, मला हवाय."

काका थांबले. खिडकीपाशीचं मशीनही थांबलं. सुपरवायझरबाई चष्म्यावरून बघायला लागल्या. काकांनी ट्रे पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि ओशाळून म्हणाले, "ताई, तुमचा कप आणलाच नाही हो मी."

"थांबते मी," ती म्हणाली.

ते परत कॅन्टीनपर्यंत गेले. पाय दुखतात त्यांचे, वेळ लागला. तोवर तिने शिवण तशीच सोडून ठेवली आणि दाराकडे बघत बसली. काकांनी स्वतःचा पेला विसळून भरून आणला होता. तिने एक घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांना धार लागली, ती थांबेना. खिडकीपाशीची बाई उठून आली, काय झालं, काय झालं विचारायला लागली. नकोताईने सांगितलं, माझं मांजर गेलं. मग पदराने डोळे पुसले आणि सगळा चहा संपवला. पाक होता नुसता.

"उद्या माझ्यात साखर कमी घाला," ती काकांना म्हणाली.