नातीच्या पाठीवरून

रस्त्यात जेसीबीने खणलेला खड्डा, खड्ड्यावर बाभळीच्या काट्या, काट्यांच्या पलीकडे ऑटो आणि अलीकडे मी, गुडघ्यापर्यंत सुजलेला पाय घेऊन मातीत बसलेली. सकाळी वावरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उचलताना ढिगाखालून घोणस निघाली आणि चावली. नातीने फोन करून शेजारच्या गावातला ऑटो बोलावला. तो आला, पण गावात येणार कुठून? लॉकडाउनमध्ये बाहेरचे कोणी शिरू नये म्हणून आमच्याच पोरांनी रस्ता खणून ठेवला होता. कोरोना येऊ नये म्हणून केलेल्या बंदोबस्तात मी साप चावून मरणार होते.

पहाऱ्यावरचा एक पोरगा पुढे झाला. कबड्डीत या पोराने कधी काळी तालुका गाजवला होता. रस्ता बंद झाल्यापासून खड्ड्याशेजारी बसून पत्ते कुटत होता. त्याने मला उचलले आणि चार पावलांत खाली ठेवले. तोंड लाल, छाती भात्यासारखी.

"आजी, तुमी लय जड हा."

"मी होती तेवढीच हावो बाबू. तूच खाऊन राह्यला नुसता."

मरायच्या वेळेलाही माझी जीभ शाबूत होती.

नात म्हणाली, "बाजूले हो." ती माझ्यापुढे पाठ करून बसली. "धर मानेले. घट्ट धर. पाय हलवू नको."

ही नात वाशीमला खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे मैदान, मग क्लास. सगळे बंद झाले तशी गावी आली. तिचे आईबाप पुण्याला बांधकामावर अडकलेले, म्हणून घरात आम्ही दोघीच. आल्यावर तिने खाट धरली. दुपारपर्यंत लोळायचे, फोन बघायचा, परत लोळायचे. मैदानावरच्या मैत्रिणींचेही तेच चालले होते, असे तीच सांगायची.

मी एक दिवस विचारले, "तू कायले पडून राह्यली?"

"मैदान बंद हाये ना वं आजी. धावू कुठं?"

"वावर बंद हाये का?"

तिने कूस बदलली. पण फोनवरचे क्लास सुरू झाले आणि घरात काही रेंज मिळेना. रेंज मिळायची आमच्या वावराच्या वरच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरीच्या झाडाखाली. तेव्हा तिला वावरात जावेच लागले. क्लासची वेळ व्हायची आणि ही खाटेवरच, मग घरापासून धुऱ्यापर्यंत धावत सुटायची. पुढे पुढे उशीर झालेला नसला तरी धावू लागली. नांगरलेल्या ढेकळांतून धावायची. लोक म्हणाले, पोरगी येडी झाली. मीही म्हणाले. मग बियाण्याचे पोते पाठीवर घेऊन चढ चढू लागली, तेव्हा मी म्हटले, "पोत्यापेक्षा मले घे. निदान गोष्टी तरी सांगीन."

साप चावला त्या दिवशी ते असे खरे होईल असे वाटले नव्हते. रस्त्याच्या बाजूचे वावर नांगरलेले होते. खड्ड्याला वळसा घालून, वावराच्या टोकाला असलेल्या कुंपणाच्या फटीतून पलीकडच्या रस्त्यावर निघायचे होते. मोठी ढेकळे, त्यावर ऊन. मला ओकारी येत होती, डोळ्यांवरच्या पापण्या जड झाल्या होत्या. ती पळत नव्हती, जपून पावले टाकत होती, पण एकदाही थांबली नाही.

"आजी, बोल ना वं. झोपू नको."

"काय बोलू?"

"मले शिव्या दे."

मी दिल्या. माझ्याकडे त्यांची कमी नाही.

मागून तो कबड्डीवाला ओरडत होता, "बाहेर गेल्या त वापस घेणार नाही गावात!" नातीने मागे न बघता उत्तर दिले, "मंग खड्डा बुजवून ठेव, नाहीतर आमी येऊन तुले त्यात टाकतो!"

वाशीमच्या दवाखान्यात सुया टोचल्या, बाटल्या लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आणले आणि चालवले नाही, ते बरे केले. परत आलो तेव्हा खड्डा बुजवलेला होता आणि काट्या बाजूला होत्या. बुजवला त्याच पोरांनी. मी त्यांना चहा पाजला.

अभ्यासाचे मात्र नुकसान झाले, ते मी लपवत नाही. झाडाखाली ऐकलेले गणित तिच्या डोक्यात बसले नाही. भरती निघाली तेव्हा ती धावण्यात पुढे होती, लेखीत मागे राहिली. आता परत तयारी करते आहे. पहाटे तिच्या बुटांचा आवाज येतो तेव्हा मी जागीच असते. तिला तोंडावर कधी शाबासकी दिली नाही, आमच्या घरात ती पद्धत नाही. दूध गरम करून ठेवते, त्यात साय जास्त टाकते. तिला कळते.

मुलगा आणि सून पुण्याहून धड परत आले. नात आहे. मी आहे. पाय पावसाळ्यात दुखतो, पण चालतो.