गच्चीवरचं मिठागर

बाळकुमच्या त्या उंच इमारतीत गोपीनाथकाका मढवी कुठे आहेत असं कुणालाही विचारलं, तर उत्तर एकच मिळायचं, "गच्चीवर." इमारत उभी आहे ती जमीन मूळची मढवींचीच. तिच्या बदल्यात बिल्डरने पहिल्या मजल्यावर फ्लॅट दिला, हातात पैसा आला आणि काकांना काम उरलं नाही. कळायला लागल्यापासून खाडीच्या मिठागरात राबलेला माणूस सोफ्यावर बसून करणार काय? टीव्हीवर चिडायचे, वॉचमनला हैराण करायचे, आणि काहीच नसलं तर जयाकाकूंच्या फोडणीत खोड काढायचे.

पण घरात खरी काळजी होती ती काकूंच्या छातीची. दमा जुनाच, त्यात सोसायटीचा डिझेल जनरेटर नेमका त्यांच्या खिडकीखाली. लाईट गेली की वरच्या मजल्यांची माणसं लिफ्टने ऐटीत घरी जायची आणि काळा धूर काकूंच्या खोलीत शिरायचा. मग त्या पलंगाच्या कडेला वाकून एकेक श्वास ओढून घेत बसायच्या. काका नुसते पाठीवर हात फिरवत राहायचे. एवढा दांडगा गडी, पण तेव्हा त्यांचे डोळे भरून यायचे.

जनरेटर म्हातारा झाला आणि नवा घ्यायचा विषय निघाला, तेव्हा काकांनी सभेत आकाशपाताळ एक केलं. सेक्रेटरी प्रफुल्ल सबनीस बँकेतून निवृत्त झालेले, सावध गृहस्थ. ते म्हणाले, "गोपीनाथराव, आधी अर्ध्या गच्चीवर सोलर लावून बघू. वर्षभर नीट चाललं तर लिफ्टसाठी बॅटरी घेऊ आणि जनरेटर भंगारात काढू. नाहीतर नवा डिझेल. मान्य?"

मान्य नसायला काय झालं! पॅनेल धुवायचं कामही काकांनी आपणहून अंगावर घेतलं. मेट्रोच्या कामाची धूळ उडायची, तेव्हा धुवावं लागायचं रोजच. पिण्याचं पाणी असं ओतून घालवणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून बोअरवेलचा पाइप लावायचे. तेही भर दुपारी. ऊन माथ्यावर असताना काम करायचं हे हाडात मुरलेलं. तापलेल्या काचेवरचं पाणी बघता बघता उडून जायचं आणि काका खूश. "ऊन कसं कामाला लावायचं ते आमा आगऱ्यांना कोन शिकवनार?" असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे.

आणि वीज हळूहळू कमी व्हायला लागली. सबनीस मोबाईलवर रोजचे आकडे बघून मान हलवायचे. सोलर बसवणारा हर्षित दोनदा येऊन वायरी तपासून गेला, त्याला काही सापडेना. काम कच्चं केलं म्हणून सगळी सोसायटी त्याच्या नावाने बोटं मोडू लागली. सभा जवळ आली आणि नव्या जनरेटरचे भाव मागवले गेले. काका रडकुंडीला आले. कुणाची नजर लागली असेल म्हणून त्यांनी पॅनेलच्या कोपऱ्याला लिंबू-मिरचीसुद्धा बांधली.

एका दुपारी धुऊन झाल्यावर ते थकून काचेला हात टेकून उभे राहिले. मोतीबिंदूच्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण बोटांना खरखर लागली. नखाने खरवडलं तर पांढरी पूड निघाली. जुन्या सवयीने त्यांनी बोट जिभेवर ठेवलं.

"आरं, ह्यं तं मीठ!"

खाडीकाठचं बोअर, त्याचं खारट पाणी आणि भर दुपारचं ऊन. मिठागराला आणखी काय लागतं? पावसाळा सरल्यापासून हे गृहस्थ निगराणीच्या नावाखाली गच्चीवर मीठ पिकवत होते! आधी त्यांना हसू फुटलं, मग ते तिथेच पॅनेलशेजारी खाली बसले. जयाच्या खिडकीखाली नवा धूर येणार होता, आणि तो आणला होता तिच्याच नवऱ्याने.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू हसल्या, हसता हसता खोकल्या.

"कोनाला बोलू नको गो," काका म्हणाले.

"बोलाया तं लागंल. त्या पोराला सगले उगाच शिव्या देतात," काकू म्हणाल्या. "आनि नलावरचा पांढरा थर मी व्हिनेगरनं काढते. ह्यो पन निघंल."

सभेत काका उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "पोराची काय चूक नाय. मीच मीठ पिकवलं." सगळी सभा खो खो हसली. सबनीस तेवढे हसले नाहीत. "हे तुम्ही बोलला नसतात, तर आज मी डिझेलच्या कागदावर सही करून मोकळा झालो असतो," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यात पुन्हा बसू. तोवर धुऊन दाखवा."

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आत घरटी एक बादली गोडं पाणी गच्चीवर आलं. पहिली बादली सबनीसांनी स्वतः आणली, अर्धी लिफ्टमध्ये सांडून. व्हिनेगर, फडकी आणि ढीगभर सल्ले यांच्या जोरावर थर निघाला. आकडे चढले, बॅटरी आली, आणि जनरेटर भंगारवाल्याच्या टेम्पोत बसून गेला. त्या दिवशी काकांनी अख्ख्या इमारतीला जिलेबी वाटली.

परवा दुपारी लाईट गेली. घरातला पंखा थांबला, बाहेर लिफ्ट मात्र वरखाली होत राहिली. काकू झोपल्या होत्या. काका जुन्या सवयीने कान टवकारून जनरेटरची धडधड ऐकू यायची वाट बघत राहिले. काहीच आलं नाही. खोलीत फक्त काकूंचा श्वास ऐकू येत होता, संथ आणि मोकळा. काकांनी वर्तमानपत्राची घडी उचलली आणि शेजारी बसून वारा घालायला लागले.

काकूंनी डोळे न उघडताच विचारलं, "अवो, लाईट गेली का?"

"नाय गो," काका म्हणाले. "तू झोप."