स्क्रीनवरची ओहोटी

आरोंद्याच्या खाडीवरच्या बांधाची उघाडी राखायचं काम आर्थरकडे होतं. उघाडी म्हणजे बांधातलं दार. भरतीला बंद करायचं, ओहोटीला उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. बांधाच्या आत पहिलंच शेत त्याच्या बायकोचं, कार्मेलिनाचं. त्यामुळे आर्थर पगारापेक्षा धाकाने काम करी.

२००७ साली दाराला मोटर बसली आणि हाताने फिरवायचं चाक भंगारात गेलं. खाडीत पाण्यावर तरंगणारा एक फ्लोट सोडला. तो वर गेला की दार बंद, खाली आला की उघडं. फ्लोट सांगेल तेच तालुक्याच्या कचेरीत स्क्रीनवर दिसे. घातपाताचा विचार कचेरीने बारकाईने केला होता: मोटरीच्या पेटीला पितळी कुलूप, आत गुप्त आकडा, तोही साहेबांनाच ठाऊक. फ्लोट मात्र उघड्या खाडीत, कोणाच्याही हाताशी. पाणी तिथेच होतं, त्याला काय करणार.

धोंडू उघाडीच्या तोंडाशी कोळंबीचं जाळं लावी. भरतीला दार उघडं राहिलं तर त्याची चंगळ. त्याने फ्लोटला दगड बांधला. स्क्रीनवर कायमची ओहोटी लागली आणि खारं पाणी कार्मेलिनाच्या शेतात, लोंब्या धरू लागलेल्या भातात शिरलं.

आर्थरने दगड सोडून खाडीत फेकला. दुसऱ्या दिवशी नवा. जाब विचारला तर धोंडू शांतपणे म्हणाला, "मी मशीनीक हात लावलंय? कुलूप बघ जा."

कुलूप शाबूत होतं.

मग कचेरीला फोन. तिथले सुदेश साहेब मूळचे मालवणचेच. तिथीवरून भरती सांगणं त्यांना लहानपणापासून येत होतं. पण ते घरचं ज्ञान. कचेरीत स्क्रीन होता.

"आज पुनव, सायबानू. भरती नाय म्हणतास, तर समुद्र खंय गेलो?"

"आर्थर, इथे ओहोटी दिसतेय," साहेब म्हणाले, आणि खबरदारी म्हणून त्यांनी गुप्त आकडा बदलला.

असे आणखी दोन फोन झाले, आकडाही आणखी दोनदा बदलला. शेवटी आर्थरने दगड काढून फ्लोटच सुंभाने वर टांगला. दार बंद झालं. दोन दिवस शेत सुखात होतं.

भरती येतच नाही याची यंत्राला काळजी नव्हती; ती उतरत नाही म्हटल्यावर मात्र कचेरीत घंटा वाजली. साहेब जीपने आले आणि त्यांना सुंभ सापडला. दगड सगळे खाडीच्या तळाशी, आर्थरनेच फेकलेले. यंत्रणेत ढवळाढवळ करणारा इसम अखेर सापडला, तो घरचाच निघाला. साहेबांनी सुंभ कापला, पेटीला दुसरं कुलूप घातलं आणि आर्थरला ताकीद देऊन ते गेले.

पुढच्या भरतीला फ्लोटवर नवा दगड होता. कार्मेलिना बांधावर उभी राहून पाणी आत येताना बघत होती.

"ह्या पाण्याक विचार," ती नवऱ्याला म्हणाली, "कुलूप दिसलां काय ताका."

आठवड्याने तिने दाणा न भरलेलं भात कापून गुरांपुढे टाकलं. कचेरीत त्या दिवशीही ओहोटी होती.