वजनवाल्या ताजूबाई

आठवडा झाला, नवनाथचा फोन लागत नव्हता आणि ताजुन्निसाला घरात बसवत नव्हतं. भाजी चिरता चिरता ती मध्येच सुरी ठेवायची, फोन कानाला लावायची, तीच बंद असल्याची टेप ऐकायची आणि पुन्हा सुरी उचलायची. आकुर्डीत तिच्या नवऱ्याचं, अन्वरचं, दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज होतं. जेवायला घरी आलेला अन्वर हे सगळं बघत होता.

"अगं, मोठा माणूस आहे तो," तो शेवटी म्हणाला. "लेकरू राहिलं नाही. सेंटरवाले बघतील."

"सेंटरवाल्यांनी मलाच सांगितलंय बघायला," ती म्हणाली, आणि त्याच्या ताटात पोळी टाकून पायात चपला सरकवल्या.

नवनाथ तिचा नात्याचा ना गोत्याचा. पण तो जन्मल्यावर त्याच्या आईच्याही आधी, सुइणीच्या हातून तिनं त्याला घेतलं होतं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं तेव्हा तिनं एका संशोधन केंद्रात नोकरी धरली होती. आई काय खाते, तिच्या अंगात रक्त किती, त्यावर पोटातलं बाळ कसं वाढतं आणि मोठेपणी त्याच्या हृदयाचं काय होतं, हे डॉक्टरांना शोधायचं होतं. चाकणच्या अवतीभवती तेव्हा कांद्या-बटाट्याची वावरं होती. खांद्याला बाळं तोलायचा झोळीचा काटा अडकवून ताजुन्निसा बांधाबांधानं हिंडायची. पोरं लांबूनच ओरडायची, "वजनवाल्या बाई आल्याऽऽ!" मग वावरं गेली, कंपन्या आल्या, माणसं पांगली. केंद्राच्या त्या अभ्यासातली पोरं तिनं भाड्याच्या खोल्यांतून, कॉलेजांतून, लग्नाच्या मांडवांतून हुडकून काढली. ती कामाला लागली तेव्हाच्या किती जणी सोडून गेल्या. तिला सोडवत नव्हतं. एखादं पोर हातून निसटलं की तिच्या जिवाला घोर लागायचा.

नवनाथ जन्मला तेव्हा दोन किलोही भरला नव्हता. त्याची आई भिमाबाई नवव्या महिन्यापर्यंत कांदे काढत होती, नखं पांढरीफटक. लोहाच्या गोळ्यांनी मळमळतं म्हणून तिनं त्या गोठ्यामागं फेकल्या होत्या. पोर तगलं, धावलं, आयटीआय झालं. आता अभ्यासातली सगळी पोरं तिशीला टेकली होती आणि प्रत्येकाच्या हृदयाची सोनोग्राफी चालली होती. नवनाथ चाकणच्या कंपनीतली शिफ्ट संपवून आला, तपासून घेतलं आणि चहालाही न थांबता गेला. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या डॉक्टर चारुलतांनी ताजुन्निसाला आत बोलावलं.

"त्याचं बीपी फार वाढलंय. बरेच दिवस वाढलेलं असणार, कारण हृदयाचा स्नायू जाड झालाय. गोळ्या लगेच सुरू व्हायला हव्यात. मी फोन केला तर ऐकून घेतलं आणि ठेवला. आता लागतच नाही. घरी कुणाला काही सांगू नका हं, ते त्याचं त्यानंच सांगायचं. पण त्याला गाठा."

म्हणून ती निघाली होती.

भिमाबाईचं घर आता दुमजली. वर भाडेकरू, खाली ती एकटी. "या की ताजूबाई! च्या टाकते."

"नवनाथ कुठं असतो आता?"

"मोशीला फ्लॅट घेतलाय न्हवं. सून सातव्यात हाय. पर त्यो बोलतच न्हाई बगा हल्ली. येतो, बसतो, डोकं धरून जातो. काय झालंय का त्याला?"

डोकं धरून. ताजुन्निसानं कप खाली ठेवला. "काही नाही, तपासणीचं थोडं राहिलंय," ती म्हणाली आणि मोशीचा पत्ता घेऊन उठली. खोटं बोललं की तिचे तळहात ओले व्हायचे. बसमध्ये ती ते पदराला पुसत राहिली.

मोशीत दार नवनाथच्या बायकोनं, उत्कर्षानं, उघडलं. हसरी मुलगी, कमरेवर हात ठेवून उभी. सासूकडून तिनं वजनवाल्या बाईंचं नाव ऐकलं होतं. "मावशी, आत या ना! नवनाथ ड्युटीवर आहे. त्याचा फोन बिघडलाय, नवा घेतो म्हणतोय. का हो, काही विशेष?"

विशेष होतंच. तिच्या जिभेच्या टोकावर होतं. या पोरीला सांगितलं तर ती आजच्या आज नवऱ्याला ओढत दवाखान्यात नेईल. पण तो त्याचा रिपोर्ट होता. "त्याला म्हणावं, ताजूमावशीला फोन कर," एवढंच ती म्हणाली. जिना उतरताना स्वतःचाच राग आला. अर्ध्यावर ती थांबली, दोन पायऱ्या परत चढली, पुन्हा उतरली. मग रिक्षाला हात केला आणि थेट चाकण गाठलं.

पहिली शिफ्ट सुटत होती. कंपनीच्या बसेस धूळ उडवत निघाल्या होत्या. गेटातून लोंढा बाहेर पडला तसा तिनं त्याला चालीवरून ओळखलं. डावा खांदा जरा पुढं, लहानपणापासून तसाच. तिला पाहून तो वळायला लागला.

"नवनाथ! पळू नको. माझ्या गुडघ्यांत आता दम नाही."

तो थांबला. टपरीच्या आडोशाला नेऊन तिच्या हातात चहाचा ग्लास दिला आणि दबक्या आवाजात तुटून पडला. "इथं कशाला आलात मावशी? इथं कुणाला कळलं तर? मी अजून कॉन्ट्रॅक्टवर आहे. परमनंटची यादी लागणारे. हार्टचं निघालं म्हटल्यावर कोण घेईल मला लाइनवर?"

"मी कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या आईला नाही, बायकोला नाही."

"जन्मल्यापासून मापताय तुम्ही मला!" त्याचा आवाज चढला. "डोकं मापलं, दंड मापला, रक्त काढलं. वर्गातली पोरं म्हणायची, तुझ्यात काय खोट आहे म्हणून येतात त्या? मला तेव्हापासून वाटतं, माझ्यात काहीतरी खोट आहे. आणि आता तुमचे डॉक्टर म्हणतात, हो, आहे! खूश झाले असतील. त्यांचं गणित बरोबर आलं."

हे ताजुन्निसाला कधी कुणी बोललं नव्हतं. हातातला चहाचा ग्लास चटके देत होता तरी तिनं तो खाली ठेवला नाही.

"खूश नाही रे कुणी," ती शेवटी म्हणाली. "आणि खोट कसली? तुझी आई उपाशी राबत होती, तू तिच्या पोटात मिळेल तेवढ्यावर तगलास. ही तुझी चूक आहे? ऐक. अभ्यास सोडून दे. उद्या नाव काढून टाकते तुझं, कुणी विचारणार नाही. आमच्या डॉक्टरकडंही येऊ नको. पण कुठल्याही डॉक्टरकडं जा आणि गोळी सुरू कर. डोकं दुखतं ना?"

त्यानं बुटाच्या टोकानं एक खडा ढकलला.

"दुखतं ना?"

"सकाळी उठलं की," तो पुटपुटला. "कधीकधी डोळ्यांपुढं चमकतं."

"मग चल. आत्ता."

"आत्ता?"

"मी आजवर तुला हुडकायला किती हिंडले, माहितीय? परत हिंडायची माझ्यात ताकद नाही."

मोशीच्या एका साध्या दवाखान्यात ती बाहेरच्या बाकावर बसली. बसली म्हणजे उठत-बसत राहिली. आतल्या डॉक्टरांनी पट्टा बांधून दोनदा बीपी घेतलं, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, गोळी लिहून दिली. "वेळेवर आलात," असंही म्हणाले म्हणे. नवनाथनं बाहेर येऊन हे सांगितलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग होता की हलकेपणा, तिला कळेना.

"नाव काढा माझं," तो म्हणाला. "खरंच काढा."

तिनं काढलं. डॉक्टर चारुलता त्याची फाईल मिटत म्हणाल्या, "त्याचा हक्क आहे. औषध चालू झालं ना? मग झालं." ताजुन्निसाला मात्र चैन नव्हतं. गोळी घेतो की गोठ्यामागं फेकतो, आईसारखी? विचारायचा आता तिला अधिकार उरला नव्हता. दोनदा ती मोशीच्या बसमध्ये चढली आणि दोन्ही वेळा मधल्या थांब्यावर उतरून परत आली.

मग एका दुपारी तिचा फोन वाजला. उत्कर्षा होती आणि भयंकर चिडलेली होती.

"मावशी, तुम्ही माझ्या दारात येऊन गेलात आणि एक शब्द बोलला नाहीत? काल मला त्याच्या डब्यात गोळ्यांची पट्टी सापडली! तेव्हा कुठं तोंड उघडलं त्यानं. त्याला काही झालं असतं म्हणजे?"

"चुकलं असेल माझं," ताजुन्निसा म्हणाली. "पण सांगणं त्याच्याच हातात होतं गं."

"ते मला नका सांगू. रात्रभर रडले मी." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "आता गोळी मी देते. समोर उभी राहून. मीठही बंद केलंय. जेवताना तोंड वाकडं करतो, करू दे."

ताजुन्निसा भिंतीला टेकली. किती दिवसांनी तिचा श्वास पोटापर्यंत गेला. पण तो तिथं फार वेळ टिकला नाही.

"आणि तुझं रक्त?" तिनं विचारलं. "या महिन्यात तपासलंस? हिमोग्लोबिन किती आलं?"

पलीकडं भांडी वाजायला लागली.

"उत्कर्षा?"

"कमी आहे म्हणाले," ती हळूच म्हणाली. "गोळ्या दिल्यात. पण त्यांनी मळमळतं हो मावशी."

ताजुन्निसानं चपला शोधायला सुरुवात केली होती.