जहाजावर साळिंदर

मित्राचं लग्न झालं आणि काही आठवड्यांनी त्याची बायको आमच्या रविवारच्या खेळात येऊन बसली. तुला कोण व्हायचंय, असं त्यानं तिला विचारलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "साळिंदर."

मी हसलो. आता हा तिला समजावणार, असं मला वाटलं. पण त्यानं नकाशा पुढं ओढला, एका मोकळ्या निळ्या जागेवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाला, "हितं एक बेट हुतं असं म्हणूया. साळिंदरांचं."

तो नकाशा आम्ही दोघांनी मिळून काढला होता. त्या निळ्या जागेत काहीच ठेवायचं नाही, हेही दोघांनीच ठरवलं होतं.

आमचा खेळ पाहायला आलेल्या माणसाला आधी काही कळत नाही. चार जण टेबलाभोवती बसून बोलत असतात आणि मधूनच कुणीतरी वीस बाजूंचा फासा टाकतं. एक जण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही सूत्रधार म्हणतो. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात. समोर वादळ आलं, शत्रूचं गलबत दिसलं, की आपण काय करणार ते ज्यानं त्यानं सांगायचं. जमलं का फसलं हे फासा ठरवतो. आमची गोष्ट चाच्यांची होती. जादूचा समुद्र, बुडालेली शहरं, तोफा, आणि आमचं एक जुनं गलबत.

सूत्रधार माझा मित्र. कॉलेजपासूनचा. शाहूपुरीत त्यांचं गुळाचं अडत दुकान आहे. दुकानाच्या वरच्या खोलीत आम्ही बसायचो. सीझनला खोलीभर गुळाचा वास असायचा आणि नकाशावर मुंग्या चालायच्या. त्याच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची पद्धत, म्हणून खेळही त्याआधी आटपायचा. खेळायला मी, त्याची थोरली चुलतबहीण, जी दातांची डॉक्टर आहे, आणि एका शाळेतला चित्रकलेचा मास्तर. मी कोडोलीत राहतो, वारणानगरला नोकरी करतो. दर रविवारी वाघबीळच्या घाटातून मोटरसायकलनं खाली यायचो. एवढ्या लांबून नुसतं बोलायला जातोस व्हय, असं आई विचारायची.

खेळ सुरू करताना मी त्याच्याकडं एकच मागितलं होतं. मला बगळा व्हायचं होतं. बगळ्याचं डोकं, लांब पाय, माणसाचे हात. आमच्या शेतात ट्रॅक्टर फिरायला लागला की त्याच्या मागं बगळे चालतात, अगदी रुबाबात, आपलंच रान असल्यासारखे. तसला एखादा जहाजाच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला उभा आहे, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. तो म्हणाला होता, "भावा, प्राणी नकोत. एकाला घेतलं की सगळी मागणार. मग जहाज कसलं, जनावरांचा बाजार हुतोय." मला ते पटलं. मी म्हातारा तांडेल झालो. ताऱ्यांवरून वाट काढणारा, तोफेच्या आवाजानं डावा कान गेलेला. पुढं त्या तांडेलावर माझा जीव जडला, ती गोष्ट वेगळी.

आणि आता साळिंदर.

मी अडचणी काढायला लागलो. उघड विरोध करता येत नव्हता, नवी नवरी होती. म्हणून साळसूद चेहऱ्यानं विचारलं, "वहिनी, साळिंदर झोपणार कुठं? टांगलेली झोळी फाटेल की."

ती म्हणाली, "खाली गोणपाटावर झोपेल, भावजी. गुळाच्या ढेपांच्या शेजारी."

"आणि पाण्यात पडली तर? ओढायला कोण हात लावणार?"

उत्तर मित्रानंच दिलं. "काटे पोकळ असत्यात. ती तरंगणार. उलट बुडणाऱ्यानं तिलाच धरायचं."

"काटे टोचतील की."

"मग टोचू देत. बुडण्यापेक्षा बरं." सगळे हसले. तो सगळ्यांत जास्त हसला.

माझी प्रत्येक शंका त्यांना नवीन काहीतरी सुचवून जायची. शिडांना काटे लागतील म्हटलं, तर शिडांजवळ जाताना साळिंदरानं प्रत्येक काट्याच्या टोकाला मेणाची गोळी लावायची, असा कायदाच त्यानं करून टाकला. मग ती प्रत्येक बंदरात मेण विकणाऱ्याशी घासाघीस करायची, निपाणीच्या बाजारातल्या बाईसारखी, मधूनच कन्नड बोलत. मास्तर हसून हसून खुर्चीवरून घसरायचा. धुकं पडलं की ती शेपटीचे काटे खुळखुळवायची आणि मागची होडी त्या आवाजावर यायची. धुक्यात वाट दाखवायचं काम आजवर माझ्या तांडेलाचं होतं.

ती चांगली खेळायची, हाच मोठा त्रास होता. वाईट खेळली असती तर मी तिला आनंदानं शिकवलं असतं.

याहून जास्त लागलं ते फोनचं. लग्नाआधी आठवड्यात एखाद्या संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "ऐक, ह्या रविवारी असं असं करायचं डोक्यात हाय. जमंल का?" खेळणाऱ्याला पुढचं सांगायचं नसतं, पण मला तो सांगायचा. मग मी रविवारी काही माहीत नसल्यासारखा चेहरा करून बसायचो. तो चोरटा आनंद फक्त माझा होता. लग्नानंतर फोन येईनासे झाले. मी भांडणार तरी कशावरून? आता ऐकायला त्याच्या घरातच माणूस होतं. रविवारी गोष्टीत काही आश्चर्य घडलं की मी तिच्याकडं बघायचो, आणि तिचा चेहरा अगदी माझ्यासारखाच, काही माहीत नसल्याचा असायचा. त्या चेहऱ्याची मला चांगली ओळख होती.

पुढं मास्तरानं त्याचा तोफा डागणारा तरणा गोलंदाज मारून टाकला आणि कासव होऊन परत आला. डॉक्टरीण बाईंनी खेकडा मागितला. मित्र म्हणाला, "अक्का, आपल्या घरात खेकडा?" त्या म्हणाल्या, "खायचा न्हाय, व्हायचाय." कासवासाठी शिडीऐवजी उतरती फळी आली. खेकड्याला आडवंच चालता येतं म्हणून जहाजावरची दारं रुंद झाली. सगळ्या जहाजावर माणूस असा मी एकटा राहिलो.

एका रविवारी चहा पिताना मित्र म्हणाला, "तू पण बदल की आता. कायतरी हो."

मी म्हणालो, "मी बगळा मागितला तवा काय म्हणालतास?"

"बगळा? कवा मागितलास?"

त्याला आठवतच नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता, हे मला त्याच्या तोंडाकडं बघून कळलं. तो नाही म्हणाला होता याचा राग मी इतके दिवस कसाबसा दाबला होता. पण तो विसरला, हे काही सहन होईना. मी म्हणालो, "जाऊ दे. माझा तांडेल बरा हाय."

पुढचे काही रविवार मी गेलो नाही. कधी पाहुणे आले म्हणालो, कधी गाडी बिघडली. घरी बसून बरं वाटेल असं वाटलं होतं, पण मी घड्याळाकडं बघत राहायचो. आता नकाशा पसरला असेल. आता मास्तर त्याचे घोगरे आवाज काढत असेल. आता कुणीतरी म्हणालं असेल, तांडेल नाही तर कंटाळा येतो. मग वाटायचं, कुणीच म्हणालं नसेल.

एका शनिवारी वहिनींचा फोन आला. त्यांनी मला कधी फोन केला नव्हता.

"भावजी, मामंजींचं डोळ्याचं ऑपरेशन हाय मिरजेला. हे त्यांच्याबरोबर गेल्यात, उद्या न्हाईत. तर उद्याचा खेळ मी चालवणार हाय. तुम्ही यायला पाहिजे."

"अहो वहिनी, मला..."

"गाडी दुरुस्त झाली असंल की."

मी गेलो. खरं तर तिची फजिती बघायलाच गेलो. सूत्रधार होणं सोपं नसतं, चांगल्या चांगल्यांची बोबडी वळते, हे मला माहीत होतं.

ती नवऱ्याच्या खुर्चीवर बसली नाही. स्वतःच्याच खुर्चीवर बसली आणि बोलायला लागली. वादळात आमचं गलबत खडकावर चढलं होतं. आम्ही पोहत एका बेटाला लागलो. ते सगळं बेट जनावरांचं होतं. मुंगसं, म्हशी, घोरपडी, सगळी दोन पायांवर चालणारी. माणूस त्यांनी कधी बघितला नव्हता. कासवाला, खेकड्याला त्यांनी लगेच घरात घेतलं. मला मात्र पारावर उभं केलं आणि गावानं बैठक भरवली.

गावची पाटलीण म्हैस होती. वहिनींनी आवाज जड केला, सावकाश बोलायला लागल्या. "ह्याला शिंगं न्हाईत. काटे न्हाईत. पाठीवर कायबी न्हाय. पाऊस आला की हे काय करतंय?"

मास्तर म्हणाला, "भिजतंय."

"आणि झोपतंय कुठं?"

माझे कान तापले. माझाच प्रश्न होता तो, माझ्याच साळसूद सुरात. ती सगळ्यांसमोर माझी टर उडवतेय असं मला वाटलं. उठून जावं असंही वाटलं. पण पाटलीण माझ्या समोर आली. म्हणजे वहिनी खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या.

"डाव्या कानानं तुला ऐकू येत न्हाय, म्हणून हिकडनं विचारते," पाटलीण म्हणाली. "तांडेला, तुला येतंय काय?"

ती हे अगदी मनापासून विचारत होती. टेबलाभोवती कुणी हसत नव्हतं.

मी बोलायला लागलो. ताऱ्यांवरून वाट कशी काढतो ते सांगितलं. ढग असले तर पाण्याच्या वासावरून किनारा किती लांब आहे ते कसं ओळखतो, हे सांगितलं. कान गेला त्या दिवशी गलबतावर कोण कोण होतं आणि त्यातलं आज कोणीच कसं नाही, हेही सांगितलं. हे सगळं मला आधी सुचलेलं नव्हतं, बोलता बोलता येत गेलं. इतका वेळ मी त्या टेबलाशी बसून कधीच बोललो नव्हतो. मी थांबलो तेव्हा डॉक्टरीण बाई डोळे पुसत होत्या आणि वर, "खेकड्याला रडता येत असंल का हो?" असं विचारत होत्या.

पाटलीण म्हणाली, "ऱ्हाऊ दे ह्याला. माझ्या गोठ्यात झोपंल."

खेळ आटपला. बाकीचे दोघे खाली गेले. मी कप गोळा करत होतो. वहिनींना म्हणालो, "कानाचं तुम्हाला कसं ठाऊक? ते तर तुम्ही यायच्या आधीचं."

वहिनी नकाशाची गुंडाळी करत होत्या. "लग्न ठरल्यावर हे मला रोज फोन करायचे. आणि बोलायचे काय, तर तुमचा तांडेल. त्यानं काय केलं, तो काय म्हणाला. कान कसा गेला ते सांगितलं त्या दिवशी तर तासभर तेच. मला वाटायचं, आता विचारतील माझ्याबद्दल काहीतरी. रविवारी तर फोनच बंद. निपाणीत बसून इतकी जळायचे मी तुमच्यावर!"

मी हातातले कप पुन्हा टेबलावर ठेवले.

"इथं आले तर तुम्ही सगळे एकमेकांना आधीपास्नं ओळखणारे. मी मधेच येऊन बसलेली. म्हणून साळिंदर घेतलं. म्हटलं, कुणी अंगावर आलं तर काटे तरी असावेत."

"अंगावर मीच आलतो," मी म्हणालो.

"व्हय की," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

पुढच्या रविवारी मित्र परत आला. काय काय झालं ते आम्ही दोघांनी मिळून त्याला सांगितलं. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता. तो आधी हसत ऐकत होता. मग प्रश्न विचारायला लागला. म्हशीला पाटीलकी कुणी दिली? बेट नकाशावर नक्की कुठं? खडक तिथं कसा आला, त्या भागात तर खोल पाणी हाय. अक्का खरंच रडल्या का, हे त्यानं पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी म्हणाला, "मी नसताना एवढं सगळं केलासा तुम्ही?"

त्याचा आवाज मी लगेच ओळखला. इतके महिने माझ्या डोक्यात तोच आवाज बोलत होता. मला फार बरं वाटलं, आणि ते लपवायचा मी काही प्रयत्न केला नाही.

तेव्हापासून ते दोघं आळीपाळीनं खेळ चालवतात. माझा तांडेल अजून माणूसच आहे. ज्या रविवारी वहिनी सूत्रधार असतात, त्या रविवारी मित्र तोंड जरासं पाडून खेळायला बसतो आणि त्यांच्या चुका काढतो. मी त्या रविवारी घरून लवकर निघतो, म्हणजे रस्त्यात गर्दी लागत नाही.

पण मनातलं सगळं गेलं असं नाही. जिन्यावरून खाली येताना वरून दोघांचे आवाज येतात. नुकत्याच संपलेल्या खेळावर त्यांचं बोलणं चालू झालेलं असतं. जेवताना ते तेच बोलत असणार, नंतरही. मी गाडीला किक मारतो. पुढं वाघबीळचा चढ असतो, आणि तो चढताना बोलायला माझ्याबरोबर कुणी नसतं.