मैदानातला ‘मेलास’

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी माटुंग्याच्या बाजारात भाजी घेत होते. भाचा समीर म्हणाला, “आत्या, बाबा गेले.” मी वेड्यासारखं विचारलं, “कुठे?” आदल्या संध्याकाळी लालबागला कबड्डीची फायनल बघून दादा घरी आला, जेवला, आणि सकाळी चहाला उठलाच नाही.

त्या फायनलचा व्हिडिओ कुणीतरी मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. दादाचं मंडळ लालबागचं आणि त्याचा शाळेपासूनचा दोस्त बबन परळच्या मंडळाचा, म्हणजे जन्माचे वैरी. व्हिडिओत बबन समोरच्या बाजूने ओरडतोय, “विन्या, मेलास रे आज! चल, खांद्यावर घालून पोचवतो तुला!” दादा पोट धरून हसतोय. समीरने ते हसणं पाहिलंच नाही, त्याने फक्त शब्द ऐकले. बबन तिरडीला खांदा द्यायला वाकला तेव्हा समीरने हात आडवा घातला. “काका, काल बोललात तेवढं पुरे.” बबन मागे सरला आणि स्मशानापर्यंत सगळ्यांच्या शेवटी चालत आला.

मी नंतर समीरला परोपरीने समजावलं. तो बघतो क्रिकेट, तेही सोफ्यावर बसून, त्याला काय कळणार! कबड्डीत गडी ‘मेला’ म्हणजे बाजूला जाऊन बसला. आपल्या माणसाने समोरचा टिपला की हा पुन्हा जिवंत होऊन आत. शिवाय आमच्या मालवणी घरात ‘मेल्या’ म्हटल्याशिवाय लाडाची हाक पुरी होत नसे. दादाचं बायपास झालं तेव्हा बबन वॉर्डात शिरून म्हणाला होता, “मेल्या, हरायच्या भीतीने इथे येऊन झोपलास काय?” दादा टाके दुखेपर्यंत हसला आणि नर्सने बबनला बाहेर काढलं. मग रात्रभर हा वैरी बाहेरच्या बाकावर बसून होता... समीरने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “शब्द मैदानातला असेल गं आत्या. पण बाबा खरंच गेले ना?” मला त्याचा राग आला आणि कीवही. त्यानंतर मीही तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावून बबनचा चेहरा न्याहाळत बसले, याची मला अजून लाज वाटते.

तेरावं झाल्यावर बबन घरी आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. फोटोसमोर हात जोडून, पाठ केल्यासारखा म्हणाला, “विनायकराव फार सज्जन गृहस्थ होते. माझ्याकडून काही कमीजास्त बोललं गेलं असेल तर माफी असावी.” समीरचा चेहरा निवळला. “बसा काका,” म्हणत त्याने पाणी आणलं. मला मात्र ते ‘विनायकराव’ सहन होईना. एवढ्या वर्षांत बबनच्या तोंडून हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. कुणा परक्याच माणसाच्या शोकसभेला आल्यासारखं वाटलं. मी जवळ जाऊन म्हटलं, “बबन, विन्या म्हण रे त्याला. एकदा तरी चांगली शिवी घाल.”

बबनने समीरकडे पाहिलं. शिवी त्याच्या ओठांवर आली, डोळे भरले.

“नको ताई,” तो हळूच म्हणाला, “पोरगा ऐकतोय.”